कॅप्टन अरिंदमचं सुतक

ज्या दिवशी मला कुंकू लागायचं होतं त्याच दिवशी माझे वडील वारले, असं माझ्या सासरच्या मंडळींचा बराच वेळ समज होता. त्या वेळी वडील स्वतः त्यांच्या समोरच होते, पण त्यांनी तो समज दूर करायची जराही तसदी घेतली नाही!

आम्ही सोनपेठचे. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापसाचं आडत दुकान. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्या ताब्यात. मी बी.ए. झालेली, उंचीनं अण्णांवर गेलेली आणि तोंडानं आत्यावर. त्यामुळे स्थळं यायची, पोहे खायची, 'कळवतो' म्हणायची आणि जायची. आमच्या पोस्टमनला त्यातलं एकही उत्तर कधी आणावं लागलं नाही. शेवटी गंगाखेडचं एक स्थळ टिकलं. मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा. बघायला आला तेव्हा तो एक अक्षर बोलला नाही आणि मी आत्याच्या धाकानं बोलले नाही, म्हणून पसंती झाली असावी. पाडव्याच्या दिवशी दुपारच्या गाडीनं येऊन ते मला कुंकू लावणार, साडी देणार, सुपारी फोडणार, की लग्न पक्कं!

आता त्याच पाडव्याच्या सकाळी टीव्हीवर 'नक्षत्रयान'चा दिवाळी विशेष भाग होता, यात माझा काय दोष?

'नक्षत्रयान' कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी लागायचं. गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे, त्यामुळे रविवारी आमच्या अंगणात चपलांचा ढीग आणि ओसरीवर माणसांचा. यानाचे प्रमुख कॅप्टन अरिंदम. उंच, देखणे, आणि संकटातसुद्धा भांग न मोडणारे! अण्णांना त्यांचा करडा आवाज आवडायचा. मला त्यांचं सगळंच आवडायचं. आत्याला ग्रह म्हणजे शनी आणि मंगळ एवढेच ठाऊक, आणि त्यातला एक माझ्या पत्रिकेत बसलेला. कॅप्टन मंगळावर उतरले त्या रविवारी तिनं टीव्हीसमोर जाऊन हात जोडले होते. "बाबा, आमच्या शकीचा तेवढा बाजूला सरकवून ये."

तर पाडवा. चुलीवर पुरण शिजत होतं, मी नवी साडी नेसून तयार होते, आणि दुपारच्या गाडीला अवकाश होता. विशेष भाग सुरू झाला. यानातसुद्धा दिवाळी! सगळ्या खिडक्यांत पणत्या लावलेल्या. आत्या खूश झाली. "बगा, आभाळात जाऊन बी रीत सोडली न्हाई."

आणि तेवढ्यात यानावर दगड आदळला. यानाला भोक पडलं, आतली हवा सुटायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पणत्या हवा खातात, विझवाव्या लागतील. मग एकेक पणती विझायला लागली.

"अगं बया, सणाच्या दिवशी दिवा विझवायलेत!" आत्या कळवळली. "कुनी तरी सांगा त्यास्नी!"

"कुणाला सांगू? आभाळात?" अण्णा खेकसले. पण त्यांचा आवाज जरा चिरकला, हे मी नीट ऐकलं.

शेवटी हवा उरली एकाला कमी पडेल एवढी. कॅप्टननी सगळ्यांना छोट्या यानात बसवलं, आपली हवेची नळी काढून एका लहानग्या मुलीला लावली आणि दार बाहेरून बंद केलं. म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नका. पुढं निघा." आणि ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. त्यांची मान कलली. मागे एक पणती तेवढी दिसत होती. संपलं!

 आत्यानं जी आरोळी ठोकली, ती बाजारतळापर्यंत गेली असेल.

"गेला गं माझा! भर सणाच्या दिवशी गेला!"

त्यानंतर गल्लीतल्या यच्चयावत बायांनी गळा काढला. मी तर भिंतीला डोकं टेकून अशी रडले की नव्या साडीचा पदर पिळावा लागला असता. बाप्ये खाली माना घालून बसले. एकानं "टीव्हीवाल्यांना सणाला हेच सुचलं का?" म्हणून शिव्या घातल्या, दुसऱ्यानं "भाग मात्र लय जबर केला" म्हटलं, आणि दोघांची तिथंच जुंपली. आत्या तरातरा उठली, आत गेली आणि तिनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं.

"आत्या! पुरण!" मी ओरडले.

"इतकी वर्सं दर आइतवारी ह्या घरात आलेला मानूस हाय त्यो. त्याचं मरान झाल्यावर ह्या घरात चूल पेटत नसती." एकदा आत्यानं रीत काढली की तिच्यापुढे अण्णांचंही चालत नसे.

पण अण्णा होते कुठे? अण्णा म्हणजे मोंढ्याच्या बाजारात ज्यांच्या एका खाकरण्यानं हमाल सरळ उभे राहायचे ते. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. हे जर बाजारात कळलं असतं तर पुढच्या हंगामात त्यांना कोण भ्यायलं असतं? "डोळ्यात कायतरी गेलं," असं कुणीही न विचारता त्यांनी जाहीर केलं, ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले आणि खांद्यावरचं पांढरं उपरणं उलगडून डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतलं. उपरणं आखूड पडलं म्हणून शेजारणीनं वर एक पांढरी चादर टाकली. बिचारीनं मायेनंच टाकली.

आणि नेमके त्याच क्षणी पाहुणे दारात उभे!

त्याचं असं झालं की मुलाचे मामा फार घाईचे गृहस्थ. दुपारच्या गाडीला गर्दी असेल म्हणून त्यांनी बहिणीला आणि भाच्याला सकाळच्याच गाडीत कोंबलं. त्यात सणामुळे गाडी रिकामी, म्हणून ती चक्क वेळेवर पोचली. एसटी वेळेवर आल्यामुळे घात झाल्याचं हे आमच्या तालुक्यातलं पहिलंच उदाहरण असावं.

आता पाहुण्यांना काय दिसलं बघा. अंगणात चपलांचा ढीग, ओसरीवर रडणाऱ्या बाया, बाजेवर पांढऱ्या चादरीखाली एक लांबलचक माणूस, आणि उशाशी बसून ऊर बडवणारी आत्या. होणाऱ्या सासूबाईंनी हातातली कुंकवाची पिशवी झटकन पदराआड लपवली. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. तिघं खालच्या मानेनं ओसरीच्या कडेला येऊन बसले.

आणि आम्हाला काय वाटलं? आम्हाला वाटलं, अरे वा! यांनीही बघितला! कुठे तरी वाटेत बघून आलेत बिचारे! मी रडता रडता मनात म्हटलं, शके, काय नशीब काढलंस! कॅप्टनसाठी टोपी काढणारं सासर कुणाला मिळतं?

सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या, मला कवटाळलं आणि त्याही रडायला लागल्या. मग तर माझा बांधच फुटला.

"कवा झालं गं बाई?"

"आत्ताच. थोडा वेळ झाला फक्त."

"आदी कायी तरास?"

"कायी म्हंजे कायी न्हाई. गेल्या रविवारपर्यंत एकदम ठणठणीत!"

"मग अचानक काय गं?"

"हवाच संपली. श्वासच पुरला न्हाई."

"दम्यावानी," मामा हळूच म्हणाले. "आमच्या शेजारी बी असंच झालं."

"शेवटी कायी बोलनं?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढंच," मी हुंदका देत म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका. पुढं निघा."

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. "बगा दादा, जाताना बी पोरीच्या लग्नाचीच काळजी!"

हे वाक्य ऐकून मी जरा गोंधळले. कॅप्टनना माझ्या लग्नाची काळजी? (पण खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं.) विचारावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या नूरखाला डेगची घेऊन आल्या. खालांच्या घरी टीव्ही बघायची सवय नव्हती. त्यांनी आमच्याकडची रडारड ऐकली, विझलेल्या चुलीचा धूर बघितला आणि शेजारधर्म म्हणून लगोलग खिचडी चढवली.

"रोनकू नक्को बेटा," त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "थोडा खालेव. जानेवाले कू कौन रोक्या?"

शेजारच्या घरून शिजलेलं अन्न आलं म्हटल्यावर पाहुण्यांच्या मनात तसूभर शंका उरली नाही. मामा बाजेजवळ गेले, घसा साफ केला आणि अण्णांवर चार शब्द बोलले.

"लय चोख मानूस. बाजारात एका शबदाचा. असा इवाई भेटाया नशीब लागतं, आमच्याच नशिबात नव्हता."

चादरीखाली अण्णा हे सगळं ऐकत होते! त्यांचं म्हणणं त्यांनी नंतर सांगितलं. डोळे सुजलेले, पाहुण्यांपुढे तसं तोंड कसं दाखवायचं, सूज उतरेपर्यंत झोपल्याचं सोंग घ्यावं म्हणून ते गप्प पडले होते. मग मामांनी स्तुती सुरू केली. आता आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी आपल्याबद्दल इतकं चांगलं बोलत असताना मध्येच उठायचा अडाणीपणा कोण करील?

मग तिघंही आळीपाळीनं अण्णांच्या पाया पडले. हे (म्हणजे आमचे हे, तेव्हा अजून 'हे' झाले नव्हते) सगळ्यांत शेवटी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"मामा, पाय गरम हायत."

"आत्ताच गेलेत, गरमच असनार. चुप बस."

"मामा, अंगठा हालला."

"तू सायन्स शाळंत शिकीव. हितं पाया पड आन् हो बाजूला!"

ही कुजबूज आमच्यापर्यंत पोचली नाही. मला एवढंच दिसलं की झोपलेल्या सासऱ्याच्यासुद्धा पाया पडणारा जावई आहे! मी कृतार्थ झाले. चहा तरी करावा म्हणून उठले, तर आत्यानं डोळे वटारले. पाहुण्यांनीही हातानंच 'नको नको' केलं, पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नाही, आणि एक शब्दही न बोलता तिघं उठून चालते झाले.

चार-दोन मिनिटं आम्ही तशीच रडत राहिलो. मग आत्याचं रडणं मध्येच, नळ बंद करावा तसं, थांबलं.

"शके, पाव्हने जाताना 'येतो' म्हनले का गं?"

"न्हाई."

"पानी पिले?"

"न्हाई."

"आन् निजलेल्या मानसाच्या पाया पडून गेले." आत्यानं कपाळावर हात मारला. "मुडद्याबिगर निजलेल्याच्या पाया कोन पडतं, भवाने? मयतीच्या घरूनच मानूस 'येतो' न म्हनता जातं! ती मंडळी तुज्या बापाच्या मयतीला बसून गेली!"

अण्णा चादर फेकून ताडकन उठून बसले. नूरखालांच्या हातातली डेगची पडली आणि त्या "या अल्ला!" म्हणून जिन्याखाली जाऊन बसल्या.

"म्हंजे कुंकू?" मी पदर सोडून विचारलं.

"आता बापाचं सुतक, मंग वरीसभर कार्य न्हाई. वरीसभर थांबतंय कुनी? उद्या दुसरी पोरगी बगतील!"

आता माझ्या रडण्याला खरं कारण मिळालं, पण रडायला वेळच नव्हता. स्टँडवर परतीची गाडी उभी असायची वेळ. मी साडी खोचली आणि पळत सुटले. माझ्या मागून अण्णा, अनवाणी, खांद्यावर ती पांढरी चादर तशीच. अण्णांच्या मागून आत्या. आत्याच्या मागून गल्ली.

गाडी सुरू झाली होती. खिडकीशी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी आधी मला बघितलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना माझ्या मागून लाल डोळ्यांनी, पांढरी चादर उडवत, "थांबा! मी आलो!" असं ओरडत धावणारे अण्णा दिसले.

सासूबाईंच्या किंचाळीनं ड्रायव्हरनं इतका जोरात ब्रेक दाबला की वरच्या फळीवरचे करंज्यांचे डबे पुढच्या सीटवर आले. मामा राम राम म्हणत सीटखाली शिरायला लागले.

"तुमी... तुमी तर..." सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

"जित्ता हाय!" अण्णा धापा टाकत म्हणाले. "चिमटा काढून बगा!"

"मग तोंडावर चादर कशापायी?"

अण्णा थांबले. स्टँडवर सगळं सोनपेठ होतं. मोंढ्यातले हमाल होते, व्यापारी होते, ज्यांच्यावर अण्णांनी जन्मभर आवाज चढवला ते सगळे होते. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि भर स्टँडवर खणखणीत आवाजात सांगून टाकलं.

"रडायलो होतो मी! कुनाला दिसू नये म्हनून तोंड झाकलं. झालं समाधान?"

एकही हमाल हसला नाही. आणि मला माझ्या बापाचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. दहा कॅप्टन ओवाळून टाकावेत असा वाटला!

"आन् मेलं कोन मंग?" मामांनी सीटखालून विचारलं.

"कॅप्टन अरिंदम," मी खाली मान घालून म्हटलं. "टीव्हीतले."

मामा बाहेर आले, टोपी घातली, आणि त्यांचा चेहरा टोपीखाली तांबडालाल होत गेला. "टीवीतल्या मानसाचं सुतक? त्याच्यापायी चूल इझवली? मी एका जित्त्या मानसाच्या पाया पडून आलो! ह्या येड्याच्या बाजारात आमचं पोरगं देनार न्हाई. सोयरीक मोडली! ओ कंडक्टर, बेल द्या!"

संपलं होतं सगळं. सुतकाला उत्तर होतं, वेडेपणाला काय उत्तर देणार? मी परत फिरले.

आणि मागून एक आवाज आला, जो मी त्यापूर्वी कधीच ऐकला नव्हता.

"अरिंदम मेला?"

हे गाडीच्या दारात उभे होते, पांढरेफटक. "मामा! मी म्हनलं होतं आज सकाळची गाडी नको! म्हनलं होतं का न्हाई? विशेष भाग हाय म्हनून हात जोडले होते मी!"

"प्रकाश, बस खाली."

"न्हाई बसत!" ते उडी मारून खाली उतरले. "ओ, तुमी... पूर्ण बघितलात? सांगा बरं. कसा मेला?"

तेवढ्यात कंडक्टरनं मान बाहेर काढली. "थांबा थांबा. माझी बी ड्यूटी होती. पयल्यापासून सांगा, ताई." ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. "त्याशिवाय गाडी हालत नसती," असं वर बजावलं. चार खेड्यांचे प्रवासी खाली उतरले. कुणी तरी मला फलाटावरच्या ट्रंकेवर उभं केलं.

मी सांगितलं! दगड सांगितला, भोक सांगितलं, पणत्या सांगितल्या. बाया पुन्हा रडल्या. अण्णा या वेळी उघड्यावर, चादर न घेता रडले. मी हवेच्या नळीपर्यंत आले, तर हे मध्येच ओरडले.

"एक मिनिट! शेवटी पणती जळायलती का?"

"हो. मागं एक दिसायलती."

"ज्योत हालायलती का चित्र होतं?"

"हालायलती. मी बघितली ना या डोळ्यांनी!"

ह्यांनी दोन्ही हात वर केले. वर्गात उत्तर सापडलेल्या मास्तरचा चेहरा काय असतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "दिवा जळायला हवा लागती! दिवा जळायलाय म्हंजे हवा हाय, आन् हवा हाय म्हंजे कॅप्टन जित्ता हाय!"

स्टँडवर जो जल्लोष झाला तो सांगता सोय नाही. कंडक्टर बेलची दोरी ओढत सुटला, ड्रायव्हरनं भोंगा धरून ठेवला. "पण मान कलली होती!" मी म्हटलं. "चक्कर!" हे म्हणाले. "मग दार कोण उघडणार?" "डॉक्टरीणबाई परत येतील!" "त्या येणार न्हाईत, त्यांचं मागच्या महिन्यात भांडण झालंय!" "ते मिटलं न्हाई का गोठलेल्या ग्रहावर?" आम्ही दोघं ट्रंकेच्या दोन बाजूंना उभे राहून असे भांडत होतो की मध्ये कुणाला शिरता येईना.

सासूबाई खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्या मामांना म्हणाल्या, "दादा, जल्मल्यापासून माजं पोरगं एका टायमाला एवढं बोललं न्हाई. ती पिशवी काढा."

"अगं, पन सुतक..." मामांनी शेवटचा प्रयत्न केला.

"कसलं सुतक?" आत्या गर्दीतून पुढे आली. "आईकलं न्हाई का? कॅप्टन जित्ता हाय! मेलंच न्हाई कुनी, तर सुतक कुटलं? आन् पाडव्याला मुहूर्त बगावा लागत न्हाई. लावा कुंकू!"

अशा रीतीनं सोनपेठच्या स्टँडवर, ट्रंकेवर उभं करून, मला कुंकू लागलं. गंगाखेडची गाडी त्या दिवशी उशिरा सुटली, आणि तिच्यातल्या एकाही प्रवाशानं तक्रार केली नाही. सुपारी कंडक्टरच्या तिकिटं टोचायच्या पंचानं फोडली.

पुढच्या रविवारी कॅप्टन खरंच जिवंत निघाले आणि यांना गंगाखेडात असा मान मिळाला की विचारू नका. आता आमच्या मुली विचारतात, "आई, तुमचं लग्न ठरवून झालेलं का प्रेमाचं?" मी सांगते, प्रेमाचंच. आमच्या दोघांचंही एकाच माणसावर प्रेम होतं! त्या माणसानं मला मागणी घातली असती, तर त्या दिवशी मी स्टँडपर्यंत धावले असते का, हे मात्र मी यांना अजून सांगितलेलं नाही. ह्यांनीही कधी विचारलेलं नाही, कारण मी की कॅप्टन, याला त्यांचंही उत्तर तेच असेल, अशी मला दाट शंका आहे.